लहान मुलांना घेऊन अ‍ॅम्युझमेंट पार्क: दिवस निभवायचा कसा?

पाऊलखूण
नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी आम्ही सहकुटुंब अ‍ॅम्युझमेंट पार्कला जायचं ठरवलंय. सहकुटुंब म्हणजे मी, नवरा, सासूबाई, सात वर्षांचा थोरला आणि साडेतीन वर्षांची धाकटी. आणि ठरवलंय म्हणजे थोरल्याने ठरवलंय. दोन महिने घरात दुसरा विषय नाही. वहीत पार्कचा नकाशा काढून झालाय, राइड्सना नंबर देऊन झालेत. पहिल्या नंबरावर तिथला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर. तिथे उंचीची अट १२० सेंमी आहे आणि साहेब भरतात ११८. हे त्याला सांगायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

धाकटीची तऱ्हा उलटी. तिला हलणारं काही नकोच असतं. बागेतल्या झोक्याला आधी हात लावून बघते, मग त्यावर बाहुलीला बसवते आणि स्वतः लांब उभी राहते.

नवऱ्याचं म्हणणं, दिवसभराचं तिकीट काढतोय तर दार उघडायच्या आधी हजर आणि बंद होईपर्यंत आत. त्याने दर पंधरा मिनिटांचा तक्ता केलाय. त्यात स्वच्छतागृहासाठी वेळ ठेवलेली नाही, एवढंच सांगते.

तर इतक्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांना घेऊन एक दिवस कसा काढायचा? की धाकटीला घरीच ठेवावं? अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं.

सरळसोट
नेऊ नका. साडेतीन वर्षांच्या मुलीला यातलं काहीही आठवणार नाही. कडेवर घेऊन तुमची कंबर मात्र आठवण ठेवेल. दोन वर्षं थांबा, मग दोघांना एकदम न्या.

भटकभवानी
सरळसोट, आठवणार नाही म्हणून न्यायचं नाही, तर मग तिला कालचं जेवणही आठवत नसेल. तेही बंद करायचं का?

पाऊलखूण, जरूर न्या. माझ्या दोन वाऱ्या झाल्या आहेत. पहिली वारी तुमच्या नवऱ्यासारखीच, तक्ता लावून. दुपारी दोनपर्यंत लेक (तेव्हा वय चार) दोन राइड्समध्ये बसली आणि तिसऱ्या रांगेत अशी काही रडली की आजूबाजूच्या चार पोरांनी सूर धरला. त्यानंतरचा सगळा वेळ आम्ही एकमेकांवर खेकसत घालवला.

दुसऱ्या वारीत तक्ता नव्हता. आत शिरल्या शिरल्या तिला जमिनीतून उडणारं कारंजं दिसलं. पाणी कुठल्या भोकातून येणार याचा अंदाज घ्यायचा, आलं की किंचाळून मागे पळायचं. पाऊण तास हेच. मी सारखी घड्याळ बघत होते, कारण इतक्या मोठमोठ्या राइड्स सोडून ही पोर भोकाकडे बघत बसली होती. शेवटी मीही चपला काढल्या. आज तिला त्या दिवसाबद्दल विचारा, कारंजंच सांगते.

शेपूट
तक्त्यात 'कारंज्याच्या भोकाकडे बघणे: १०.१५ ते ११.००' असं घालून घ्या.

तिरपागडा
११८ चे १२१ करणं सोपं आहे. बुटात टाचेखाली घडी केलेला कागद. आमच्या चिरंजिवांना मी असंच बसवून आणलंय. दोन सेंटिमीटरसाठी पोराचा हिरमोड करायचा का?

नटबोल्ट
तिरपागडा, हसू आलं नाही. माझं काम यंत्रांशी आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

उंचीची अट म्हणजे धाडसाची परीक्षा नव्हे. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून येणारं कवच एका ठराविक मापापासून पुढच्या शरीरांसाठी बनवलेलं असतं. दांडा बसायला हवा कंबरेच्या हाडाशी. मूल मापापेक्षा लहान असेल तर तो पोटावर येतो, नाहीतर मांडी आणि दांडा यांच्यात फट राहते. आता गाडी टेकडीच्या माथ्यावरून खाली झुकते तेव्हा काय होतं? रूळ खाली वळतो, पण आतलं शरीर आधीच्याच दिशेने जाऊ पाहतं, म्हणजे सीटवरून वर उचललं जातं. मोठ्यांच्या पोटात गोळा येतो तो याच क्षणी, आणि ती फट महागात पडते तीही याच क्षणी. त्यातून लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान नाजूक. पाय टेकत नाहीत, त्यामुळे सावरायला आधार नाही. बुटातल्या कागदाने उंची वाढते, मांडी वाढत नाही.

पाऊलखूण, ही गोष्ट थोरल्याला घरी सांगा, पार्कमध्ये रांगेच्या टोकाशी नको. तासभर उभं राहून परत फिरण्यासारखा अपमान नाही, सात वर्षांच्या माणसाला तर नाहीच. प्रत्येक राइडची अट आधी वाचून ठेवा. काही ठिकाणी शेजारी मोठं माणूस बसलं तर कमी उंची चालते. उलट अगदी छोट्यांच्या राइड्सना कमाल उंचीची अट असते, तिथे तो जास्त उंच ठरेल. हेही सांगा, जरा बरं वाटेल त्याला.

आणि त्याला एक काम द्या. कोस्टर पहिल्या चढावर जाताना टक-टक-टक असा आवाज येतो, तो कशाचा हे शोधायला सांगा. उत्तर: चढावर दातेरी पट्टी असते आणि गाडीखाली एक खटका. गाडी पुढे सरकेल तसा खटका एकेका दातावर पडत जातो. मधेच साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ही सोय. माथा ओलांडला की आवाज बंद. तिथून पुढे बहुतेक कोस्टरना इंजिन नसतंच, चढताना साठवलेल्या उंचीवरच सगळा खेळ. म्हणूनच अशा कोस्टरची पहिली टेकडी सगळ्यात उंच असते.

तिरपागडा
'हलकेच घ्या' असं लिहिणार होतो, पण मी खरंच तसं केलं होतं. वर वाचून पोटात गोळा आला, तोही जमिनीवर बसून. कागदाचा सल्ला मागे घेतो.

दुपारची_झोप
कागद नको, पण विज्ञान चालेल ना? माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. मोठ्यांत हा फरक सेंटिमीटरभर असतो, मुलांत जरा कमी. तेव्हा पोराला सकाळी उठल्या उठल्या मोजमापाच्या खांबाशी न्या.

नटबोल्ट
ही युक्ती चालेल, यात कुणाची फसवणूक नाही. पण खांबाशी उभा असलेला कर्मचारी म्हणेल ते अंतिम. त्याच्याशी वाद घालणाऱ्या पालकांना मी शेवटच्या डब्यात बसवेन.

शेपूट
शेवटच्या डब्यात का?

नटबोल्ट
पुढचे डबे माथा ओलांडून खाली ओढायला लागले की शेवटचा डबा वेगातच माथ्यावर येतो आणि उतारावर फेकल्यासारखा जातो. पहिल्या डब्यात समोरचं दृश्य, शेवटच्या डब्यात दणका.

आज्जी_ऑनलाइन
धागा वाचते आहे. पाऊलखूण, तू सासूबाईंचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात केलास आणि नंतर त्या गायबच झाल्या. थोरल्याला काय हवं, धाकटीला काय नको, नवऱ्याचा तक्ता, सगळं आलं. सासूबाईंना काय हवंय?

राग मानू नकोस, पण मला ही जागा ठाऊक आहे. मुलगा-सून नातवंडांना घेऊन राइडवर जातात आणि जाताना म्हणतात, "आई, तुम्ही इथे सावलीत निवांत बसा." मग मांडीवर तीन पिशव्या, दोन पाण्याच्या बाटल्या, एक ओला टॉवेल आणि कुणाचा तरी एक बूट. निवांत! गेल्या खेपेला मी सहा तास सामान राखलं. मला कुणी विचारलंच नाही की आई, तुम्ही आकाशपाळण्यात बसता का.

पाऊलखूण
आज्जी, राग कसला, लाज वाटली. आत्ता जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय, मी बसेन बाकावर." मी पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "तो मोठा पाळणा आहे का गं तिथे?"

भटकभवानी
आज्जी __/\__
सामानासाठी लॉकर असतात. आजीचं लॉकर करू नये.

बाळगुटी
मी बालरोगतज्ज्ञ आहे. सल्ला मागितलेला नाही तरी देते, सवय.

गरगरणं: दोन वर्षांच्या आत हा त्रास फारसा दिसत नाही. दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त. आतला कान सांगतो आपण फिरतोय, डोळे वेगळंच सांगतात आणि मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून गोल फिरणाऱ्या राइड्स लागोपाठ घेऊ नयेत. राइडमध्ये मान खाली घालून पायाकडे बघण्यापेक्षा लांबच्या स्थिर गोष्टीकडे बघायला सांगावं. रिकामं पोट वाईट आणि गच्च भरलेलंही वाईट. थोडं थोडं खाऊ घाला आणि खाल्ल्यावर अर्धा तास घसरगुंडी-कारंजं असलं काहीतरी.

घसरगुंडीवरून आठवलं. "एकटी घाबरते म्हणून मांडीवर घेऊन घसरलो" आणि पोरीचा पाय मोडला, असे आईबाप दवाखान्यात येतात आणि स्वतःला दोष देत रडतात. मूल एकटं घसरताना पाय अडकला तर ते थांबतं, कारण वजन कमी. मांडीवर असताना त्याचं पाऊल घसरगुंडीच्या कडेला किंवा पृष्ठभागाला अडकलं, तर मागून तुमचं सगळं वजन येतच असतं. मग नडगीचं हाड मोडतं. एकटीला जमत नसेल तर ती घसरगुंडी तिच्यासाठी नाही. राइडवाल्यांनीच मांडीवर घ्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

पाण्याचा भाग असेल तर धाकटी कायम हाताच्या अंतरावर. फुगवलेल्या कड्यावर भिस्त ठेवू नका. बुडणारं मूल ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. आणि उन्हाचं क्रीम सकाळी लावलं की काम झालं असं नसतं, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं.

तक्तेवाला
नमस्कार. मी वरील धागाकर्तीचा नवरा. केवळ खुलाशासाठी आयडी काढला आहे. तक्त्यात स्वच्छतागृहाची सोय करण्यात आली आहे: ११.४० ते ११.४५. धन्यवाद.

शेपूट
पाच जणांसाठी पाच मिनिटं. माणशी एक. भावोजी, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

भटकभवानी
तक्तेवाला, तुमच्या बाजूनेही एक सांगते. पहिला तास सोन्यासारखा असतो, तेवढा तक्ता पाळाच. दारातून आत गेल्यावर सगळी गर्दी समोरच्या पहिल्याच राइडला चिकटते. तुम्ही सरळ पार्कच्या मागच्या टोकाला जा आणि तिथून पुढे येत राहा.

दुसरं म्हणजे पालकांच्या अदलाबदलीची सोय आहे का ते विचारा. मोठ्या राइडला एकाने रांग लावून बसायचं, दुसऱ्याने लहान मुलाला घेऊन बाहेर थांबायचं आणि मग त्याने पुन्हा रांग न लावता आत जायचं. बऱ्याच पार्कांत असते, पण आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

जुनापाना
थोडं अवांतर, पण आज्जींच्या बाकावरून राहवलं नाही.

अशाच एका बाकाची गोष्ट वॉल्ट डिस्ने सांगत असत. मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि हे बाकावर शेंगदाणे खात वाट बघायचे. तिथे त्यांच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी. १७ जुलै १९५५ ला त्यांचं डिस्नेलँड उघडलं आणि पहिल्याच दिवशी गोंधळ. बनावट पासांवर हजारो माणसं आत आली, ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. त्यात प्लंबरांचा संप होऊन गेलेला, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं यांतलं एकच वेळेत पूर्ण होणार होतं. डिस्नेंनी स्वच्छतागृहं निवडली. तक्तेवाला यांनी नोंद घ्यावी.

पार्क ही कल्पना मात्र त्याहून फार जुनी. डेन्मार्कमधलं बाकेन १५८३ पासून चालत आलंय. आकाशपाळणा १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी उभारला, २६४ फूट उंच. ३६ डबे आणि एकेका डब्यात ६० माणसं! तिथे पाच जणांच्या कुटुंबात कोण कुणाशेजारी बसणार यावर भांडण व्हायचं कारण नव्हतं.

आणि गंमत म्हणजे कोस्टरचे पूर्वज रशियातले, लाकडी सांगाड्यावर बर्फ गोठवून केलेल्या घसरगुंड्या. म्हणून फ्रेंच आणि स्पॅनिश लोक आजही रोलर कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात. रशियन लोक काय म्हणतात? 'अमेरिकन टेकड्या'.

सरळसोट
कुणीच आपल्यावर घेत नाही. हे माझ्या मुद्द्याला पूरकच आहे.

मूकवाचक
चार वर्षं नुसती वाचते आहे, हा पहिलाच प्रतिसाद.

आमचा मुलगा पार्कात हरवला होता. वय पाच. नाव-गाव सांगत नाही, चूक पार्कची नव्हतीच. राइडवरून उतरलो, मी बॅग घ्यायला वळले, नवरा फोटो बघत होता. मला वाटलं तो नवऱ्याजवळ आहे, नवऱ्याला वाटलं माझ्याजवळ. चार-पाच मिनिटं, बस. ती मिनिटं अजून स्वप्नात येतात. सगळ्यात वाईट काय, तर कर्मचाऱ्याने विचारलं, "शर्ट कोणत्या रंगाचा?" आणि मला आठवेना. सकाळी मीच घातला होता.

तो सापडला माशांच्या टाकीसमोर. आपण हरवलोय हे त्याला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या. दारातून आत जाताना मुलाचा फोटो काढायचा, त्याच दिवसाच्या कपड्यांत. मनगटावर पेनाने आपला फोन नंबर लिहायचा. आणि मूल एकमेकांकडे देताना तोंडाने म्हणायचं, "आता तुझ्याकडे." समोरच्याने म्हणायचं, "माझ्याकडे." हे ऐकून लोक हसतात, हसू देत. मुलालाही सांगून ठेवलंय की आम्ही दिसलो नाही तर शोधत फिरायचं नाही, तिथेच उभं राहायचं, आणि गणवेशातल्या माणसाला किंवा मुलं सोबत असलेल्या एखाद्या बाईला सांगायचं.

पाऊलखूण
मूकवाचक, अंगावर काटा आला. "आता तुझ्याकडे" आजपासून घरातच सुरू करतो. लिहिल्याबद्दल खरंच आभार.

तक्तेवाला
माझ्याकडे.

आज्जी_ऑनलाइन
मूकवाचक, लिहीत जा गं.

दुपारची_झोप
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? रांगेत काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही, आणि निम्मा दिवस तिथेच जातो. डेव्हिड मेस्टर यांचा १९८५ चा रांगेच्या मानसशास्त्रावरचा लेख प्रसिद्ध आहे. हात-डोकं गुंतलेलं असेल तर वाट बघणं छोटं वाटतं आणि किती वेळ लागणार ते ठाऊक नसेल तर लांबतं. आम्ही मुलांना "आलंच हं" म्हणत नाही, "अजून दोन वळणं" म्हणतो. आणि शब्दांच्या भेंड्या. मागे-पुढे उभे असलेले काकासुद्धा सामील होतात.

तिरपागडा
आमच्या मागचे काका 'ळ' वर अडकले आणि स्वतःचा नंबर सोडून शब्द शोधत बसले.

(दहा दिवसांनी)

पाऊलखूण
जाऊन आलो! वृत्तांत द्यायला उशीर झाला, माफी.

थोरल्याला आदल्या आठवड्यात उंचीचं सांगितलं. तो एक संध्याकाळ बोलला नाही. मग नटबोल्ट यांचं दांडा आणि मांडीचं स्पष्टीकरण खुर्ची आणि लाटणं घेऊन करून दाखवलं. त्याने ते तीनदा करायला लावलं, तिसऱ्यांदा बाहुलीला बसवून. बाहुली फटीतून खाली पडली. त्यावर "बरोबर आहे" म्हणाला आणि वहीत कोस्टरचा नंबर एकवरून 'पुढच्या वर्षी' असा केला. तरी सकाळी सकाळी खांबाशी उभा राहिलाच. ११८ आणि वर थोडंसं. कर्मचारी दादाने मान हलवली, पण त्याच्याशी हात मिळवला.

पुढे तो कुंपणाशी उभा राहून टकटक ऐकत बसला. शेजारी त्याच्याएवढाच एक मुलगा रडत होता, त्यालाही परत पाठवलं होतं. आमच्याने त्याला खटक्याची सगळी कथा सांगितली, हातवारे करून. दोघांनी मिळून अकरा गाड्यांची टकटक मोजली. आम्हाला तिथून हलता येईना.

तक्ता साडेअकरापर्यंत टिकला. ११.४० ला स्वच्छतागृहात गेलो ते १२.२० ला बाहेर आलो, त्यानंतर त्याचं नाव कुणी काढलं नाही. तीन वाजता निघालो. बंद होईपर्यंत थांबायचा हट्ट धरणारा माणूस गाडीत सगळ्यात आधी झोपला. (मी चालवत होते.)

धाकटी कशातही बसली नाही. कारंजं तिथेही होतं, तिथे रमली. मेरी-गो-राउंडशी मात्र अर्धा तास उभी होती. प्रत्येक फेरीला एकाच पांढऱ्या घोड्याला हात हलवायची. निघताना म्हणाली, "त्याला बाय करायचंय." जवळ नेलं तर हात लावला, मान थोपटली, मग म्हणाली, "आजी बसली तर मी बसेन." सासूबाई शेजारी उभ्या राहिल्या, तिला धरून. एक फेरी. गंगेत घोडं न्हालं.

आणि आज्जी, सासूबाई आकाशपाळण्यात दोनदा बसल्या. दुसऱ्यांदा एकट्या. आम्ही खाली बाकावर पिशव्या धरून बसलो होतो.

आज्जी_ऑनलाइन
हे वाचून आमच्या सूनबाईंना धाग्याची लिंक पाठवली आहे. काही लिहिलं नाही, नुसती लिंक.

नटबोल्ट
अकरा गाड्या! थोरल्याला माझा नमस्कार सांगा.

मूकवाचक
वा! 'माझ्याकडे, तुझ्याकडे' चाललं का?

पाऊलखूण
चाललं म्हणजे काय, धाकटी आता बाहुली देतानाही म्हणते. समोरच्याने "माझ्याकडे" म्हटल्याशिवाय सोडत नाही.

सरळसोट
वरातीमागून घोडे, तरी विचारतो. पुढच्या महिन्यात भाचीला घेऊन जायचं गळ्यात पडलंय. वय सव्वातीन. त्या कारंज्यापाशी बसायला बाक असतो का, आणि सावली किती वाजेपर्यंत टिकते?